धागा: १९२९ पूर्वीचे डांगे

सातमाळा

कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे यांचं नाव निघालं की आपल्याकडची चर्चा हमखास संयुक्त महाराष्ट्रावर, नाहीतर कम्युनिस्ट पक्षाच्या १९६४ च्या फुटीवर, नाहीतर आणीबाणीला दिलेल्या पाठिंब्यावर जाऊन अडकते. त्याआधीचा माणूस फारसा कुणाला ठाऊक नाही. म्हणून हा धागा १९२० ते १९२९ एवढ्या वर्षांपुरताच काढतोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाद घालणाऱ्यांना सोपं जाईल. डांगे पुस्तकं वाचून कम्युनिस्ट झाले, पण पुढारी झाले ते १९२८ च्या गिरणी संपात. मॉस्कोने त्यांना घडवलं असं त्यांचे विरोधकही म्हणत आले आणि काही भक्तही. मला ते पटत नाही. त्यांना घडवलं परळ-लालबागने.

जन्म १० ऑक्टोबर १८९९, नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यातल्या करंजगावचा. पुढचं शिक्षण मुंबईत, विल्सन कॉलेजात. मिशनऱ्यांच्या त्या कॉलेजात बायबलचा तास सक्तीचा होता. विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध चळवळ केली, त्यात डांगे पुढे होते. पाठोपाठ असहकार आला आणि शिक्षण सुटलं ते सुटलंच. निंबकर, जोगळेकर ही त्यांच्याच पिढीतली मंडळी. सगळी टिळकांच्या राजकारणावर वाढलेली. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या होत्या, आणि त्या घटनेची दखल लेनिनने त्याच वर्षीच्या एका लेखात घेतली होती. डांगे तेव्हा आठ वर्षांचे. पण मुंबईत टिळक आणि गिरणी हे दोन शब्द एकत्र उच्चारले जात होते, आणि त्या हवेत हा मुलगा मोठा झाला, हे विसरून चालणार नाही.

१९२१ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही इंग्रजी पुस्तिका लिहिली. हिच्यावर थोडं थांबू या. शीर्षक वाचून वाटतं की लेनिनचा झेंडा आणि गांधींना झोडपणं असणार. प्रत्यक्षात तसं नाही. दोघांनाही माणसाचं दैन्य संपवायचं आहे हे ते मान्य करतात आणि मग रोगाचं निदान कोण बरोबर करतं ते विचारतात. गांधी यंत्रांना आणि आधुनिक संस्कृतीला दोष देतात. लेनिन बोट ठेवतो ते मालकीवर. डांगे यांचा कौल लेनिनकडे आहे, पण बोल्शेव्हिकांनाही ते मोकळं सोडत नाहीत. गांधीवादाचा माणसाच्या उपजत चांगुलपणावर नको इतका भरवसा, तर बोल्शेव्हिझमची माणसाच्या हितसंबंधांत आणि भावनांत नको इतकी ढवळाढवळ, अशा अर्थाची मांडणी त्यात आहे. रशियातल्या क्रांतीला जेमतेम साडेतीन वर्षं झाली होती, तिकडची पुस्तकं इथे पोहोचत नव्हती, आलीच तर पोलीस जप्त करत होते. हाती असलेल्या तुटपुंज्या मालावर एका विद्यार्थ्याने इतका तोल सांभाळावा, याचं मला आजही कौतुक वाटतं.

ही पुस्तिका रणछोडदास भवान लोटवाला या गृहस्थांच्या वाचनात आली. पिठाच्या गिरण्यांचे मालक, पैसेवाले, पण समाजवादी वाङ्मयाचे भोक्ते. त्यांनी या तरुणाला हाताशी धरलं, पुस्तकं पुरवली, पैशाचं पाठबळ दिलं. ऑगस्ट १९२२ मध्ये डांगे यांचं ‘द सोशालिस्ट’ हे इंग्रजी साप्ताहिक निघालं. भारतात उघडपणे निघालेलं ते पहिलं कम्युनिस्ट नियतकालिक मानलं जातं. सप्टेंबरात त्यातच डांगे यांनी सुचवलं की काँग्रेसच्या आतच एक समाजवादी कामगार पक्ष काढावा. काँग्रेस सोडा असं ते म्हणत नव्हते. काँग्रेसमध्येच राहून तिला कामगार-शेतकऱ्यांकडे ओढायचं, ही दिशा त्यांनी फार लवकर धरली.

तोवर बाहेरच्या जगालाही त्यांचा सुगावा लागला होता. १९२० च्या ऑक्टोबरात मानवेंद्रनाथ रॉय यांनी ताश्कंदमध्ये पक्ष स्थापला होता, पण तो होता परदेशात. इथली माणसं त्यांना पत्रांतून जोडायची होती. १९२२ च्या सप्टेंबरात चार्ल्स अॅशले नावाचा त्यांचा दूत मुंबईत येऊन डांगे यांना भेटून गेला आणि सरकारने लगेच त्याला परत धाडलं. पण डांगे रॉय यांच्या हुकमतीखाली गेले नाहीत. परदेशात बसून इथला पक्ष चालवता येणार नाही ही त्यांची भूमिका होती, आणि मद्रासच्या सिंगारवेलू चेट्टियार यांचंही मत फारसं वेगळं नव्हतं.

सरकारला हा बारकावा नको होता. गुप्तचर खात्याचे प्रमुख सेसिल के यांची माणसं ही सगळी पत्रं वाटेत फोडून वाचत होती. त्याच पत्रांवर १९२४ चा कानपूर कट खटला उभा राहिला. आरोप असा, की हिंसक क्रांती करून सम्राटाचं हिंदुस्थानवरचं सार्वभौमत्व हिरावून घेण्याचा कट केला. आरोपी आठ. रॉय परदेशात, सिंगारवेलू आजारी, दुसरे एक आरोपी फ्रेंच पाँडिचेरीत, एकाला सोडून दिलं. उरले डांगे, मुझफ्फर अहमद, शौकत उस्मानी आणि नलिनी गुप्ता. न्यायाधीश होम. चौरीचौरा प्रकरणात १७२ जणांना फाशी सुनावणारे हेच. मे १९२४ मध्ये चौघांनाही चार चार वर्षांची शिक्षा झाली.

आता मुद्दा. १९२४ चे डांगे हे पुस्तिका आणि साप्ताहिक लिहिणारे, पत्रव्यवहार करणारे पंचविशीतले गृहस्थ आहेत. त्यांच्यामागे एकही गिरणी नाही. मुंबईचा १९२५ चा पगारकपातीविरुद्धचा मोठा संप झाला आणि संपला, तेव्हा ते संयुक्त प्रांतातल्या तुरुंगात होते. मे १९२७ मध्ये सुटून आले. आणि पुढच्याच वर्षी दीड लाख कामगार ज्यांच्या शब्दावर सहा महिने घरी बसले, त्या मोजक्या माणसांत ते होते. हे कसं झालं, यावर मला इथे चर्चा हवी आहे.

काळी_शाई

लेख मनापासून आवडला. एक भर. ते तुरुंगात असताना बाहेर बरंच घडून गेलं होतं. डिसेंबर १९२५ मध्ये कानपूरलाच कम्युनिस्टांची परिषद भरली. अध्यक्ष सिंगारवेलू, आणि दोन सरचिटणीसांपैकी एक मुंबईचे स. वि. घाटे. १९२७ च्या सुरुवातीला मुंबईत कामगार-शेतकरी पक्ष निघाला, धुंडिराज ठेंगडी अध्यक्ष. मिरजकर, जोगळेकर, निंबकर, घाटे, झाबवाला सगळे त्यात होते. मे १९२७ पासून या पक्षाचं ‘क्रांती’ हे मराठी साप्ताहिक निघू लागलं. म्हणजे डांगे सुटले तेव्हा नांगरलेलं रान तयार होतं.

मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती भाषेची. ‘सोशालिस्ट’ इंग्रजीत होतं. ते वाचणार कोण? वकील, पत्रकार, पोलीस खातं. ‘क्रांती’ मराठीत होतं, चाळीत एकाने मोठ्याने वाचावं आणि दहांनी ऐकावं असं. सुटल्यावर डांगे तिथे संपादनाला बसले आणि त्यांचा वाचकच बदलला.

मास्तर_१९

सगळं ठीक आहे, पण १९२४ चा विषय निघाला आणि पत्रांचा उल्लेखही नाही? कानपूरच्या तुरुंगातून डांगे यांनी सरकारला आपली सेवा देऊ केली, अशी पत्रं राष्ट्रीय अभिलेखागारात सापडली. मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या ‘करंट’ साप्ताहिकाने ती छापली. पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेतून ११ एप्रिल १९६४ ला ३२ जण उठून गेले, त्यातून पुढे मार्क्सवादी पक्ष झाला. सुरुवातीच्या राजकारणावर लिहायचं आणि हे गाळायचं, हे बरोबर नाही.

सातमाळा

मास्तर, मुद्दा रास्त आहे आणि त्याला बगल द्यायची नाही. धागा १९२९ पर्यंतचा, म्हणून १९६४ चं तिथे घेतलं नव्हतं. आता घेऊ.

पत्रं बनावट आहेत असं डांगे शेवटपर्यंत म्हणत राहिले. पक्षाच्या नेतृत्वातल्या बहुमताने त्यांना साथ दिली, विरोधकांनी चौकशीची मागणी केली. पण १९६४ ची फूट पत्रांमुळे पडली असं म्हणणं मला अर्धवट वाटतं. १९६२ चं चीन युद्ध, काँग्रेसशी कसं वागायचं हा प्रश्न, मॉस्को आणि पेकिंग यांच्यातलं भांडण, ही दरी आधीच पडलेली होती. पत्रं ऐन वेळी हाती आली.

आणि १९२४ च्या बाजूने बघायचं तर काय दिसतं? मुझफ्फर अहमद यांना क्षय झाल्यामुळे १९२५ मध्येच सोडलं. डांगे १९२७ पर्यंत आत होते. सुटल्यावर सरकारला उपयोगी पडेल असं त्यांनी काय केलं? त्या काळातला मुंबईतला सर्वांत मोठा संप चालवला आणि दोन वर्षांच्या आत पुन्हा आत गेले.

मास्तर_१९

सवलत मिळाली नाही म्हणून अर्जच केला नव्हता, असं सिद्ध होत नाही. सरकारने पत्र वाचून केराच्या टोपलीत टाकलं असंही असू शकतं. पण तुमचं दुसरं वाक्य मला मान्य आहे. सुटल्यानंतरची वागणूक त्या पत्रांशी जुळत नाही. पंचविशीतला माणूस तुरुंगात खचला असेल आणि बाहेर येऊन सावरला असेल, हीही शक्यता आहे, आणि मला तिच्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. लाज वाटावी असं काही असेल तर ते चौकशी न होऊ देण्यात आहे.

रानजाई

सर्वांना विनंती, आता इथे अंदमानातल्या अर्जांचा विषय आणू नका. त्यावर या संस्थळावर स्वतंत्र धागे आहेत आणि ते आले की गिरणी कामगार बाजूला राहतात.

गिरणगावचा_नातू

रानजाई, अनुमोदन. मी थेट संपावर येतो.

आमचे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातले, १९२८ साली अठराएक वर्षांचे, साचेखात्यात, म्हणजे विणकाम खात्यात, बदली कामगार (कुणी गैरहजर असला तर त्याच्या जागी लागणारा). संप आठवायचे तेव्हा डांगे, जोशी ही नावं नंतर यायची. पहिलं नाव यायचं ते तिसऱ्या सांच्याचं. तोपर्यंत विणकर दोन साचे, म्हणजे दोन माग चालवायचा. मालक म्हणाले तीन चालवा. सूतखात्यात एक बाजू सांभाळणाऱ्याने दोन बाजू सांभाळायच्या. मालकांच्या भाषेत ही कार्यक्षमता. खात्यातल्या माणसाला सरळ हिशेब दिसत होता: तिघांचं काम दोघे करणार आणि तिसरा दारावर बदलीच्या रांगेत उभा राहणार. शिवाय दरात कपात होतीच.

जानेवारी १९२८ पासून ससूनच्या गिरण्यांमध्ये तुकड्यातुकड्याने संप होत होते. २६ एप्रिलला सगळी मुंबई बंद झाली ती ६ ऑक्टोबरपर्यंत. इतके दिवस लोक जगले कसे, हे विचारलं पाहिजे. आजोबा सांगायचे की मे महिन्यात, पावसाने बोटी बंद व्हायच्या आत, आमच्याकडचे लोक मिळेल त्या बोटीने गावी गेले. घाटावरचे सातारा-कऱ्हाडकडे गेले. गावात पेरणी होती, नाचणी होती, हातांना काम होतं. मुंबईत राहिले त्यांना खानावळवाल्या बायकांनी उधारीवर जेवू घातलं, वाण्याने वही वाढवली, आणि संप समितीच्या केंद्रांवर धान्य वाटप होत होतं. वर्गणी सगळीकडून आली, रशियातल्या कामगार संघटनांकडूनही आली, आणि त्यावरून सरकारने केवढा गदारोळ केला! पण सहा महिन्यांचा संप बाहेरच्या पैशावर चालत नाही. तो गावच्या शेतावर आणि खानावळीच्या उधारीवर चालला.

डांगे यांच्याबद्दल आजोबा एवढंच सांगायचे की नागू सयाजीच्या वाडीत सभा व्हायच्या, आणि हा माणूस भाषणात दर मांडायचा. अमक्या कापडाला इतका दर, कपात झाली की महिन्याला इतके आणे कमी, त्यात तुझी खोली किती आणि खानावळ किती. आजोबांना सही करण्यापुरतंच लिहिता यायचं. पण तो हिशेब त्यांना म्हातारपणीही तोंडपाठ होता.

सातमाळा

नातू, हेच हवं होतं. भाषणातला हा हिशेब संपानंतर सरकारने नेमलेल्या फॉसेट चौकशी समितीपुढेही दिसतो. संप मिटला तो जुन्या दरांवर काम चालू ठेवून आणि वादाचे मुद्दे या समितीकडे सोपवून. संयुक्त संप समितीच्या सतरा मागण्यांवर तिथे महिनोन्‌महिने जबान्या चालल्या. मालकांच्या बाजूने कसलेले हिशेबनीस. कामगारांच्या बाजूने डांगे आणि मंडळी खात्याखात्यातल्या दरांवर, कामाच्या बोज्यावर उलटतपासणी करत होती. १९२१ मध्ये गांधी आणि लेनिन यांची तुलना करणाऱ्या मुलाला यातलं अक्षरही माहीत नव्हतं. त्याला हे कुणी शिकवलं? संध्याकाळी सुटून येऊन, आपल्या खात्यात कापडाचा दर कसा बसतो ते समजावून सांगणाऱ्या विणकरांनी.

गिरणगावचा_नातू

त्या विणकरांपैकी एकाचं नाव तरी घ्या! अर्जुन आत्माराम आळवे. स्वतः गिरणी कामगार. गोविंद कासले यांच्यासारखी आणखी माणसं होती. त्यांची गिरणी कामगार महामंडळ ही संघटना कम्युनिस्ट गिरणगावात यायच्या आधीपासून चालू होती. मे १९२८ मध्ये लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन नोंदली गेली तेव्हा अध्यक्ष आळवे होते आणि डांगे सरचिटणीस. खात्यात कोणाचा शब्द चालतो, कोणता मुकादम फुटेल, कोणती चाळ पक्की आहे, हे आळव्यांना माहीत होतं. कायदा, वर्तमानपत्र, समितीपुढचा युक्तिवाद हे डांगे यांना येत होतं. ही जोडी जमली म्हणून युनियन झाली. पुस्तकांत आळवे एका ओळीत उरकले जातात याचं मला फार वाईट वाटतं.

काळी_शाई

आणि त्यात ना. म. जोशी यांनाही जागा द्या. ते मवाळ, १९२६ च्या बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियनचे. कम्युनिस्टांशी त्यांचं अजिबात पटत नव्हतं, तरी संयुक्त संप समितीत दोन्ही बाजू सहा महिने एकत्र बसल्या. डांगे यांच्या राजकारणाचा हा विशेष मला १९२२ पासून दिसतो. काँग्रेसच्या आत पक्ष काढायची सूचना, मग मवाळांबरोबर संप समिती. इतरांना सोबत घ्यायचं, पण आपलं दुकान बंद करायचं नाही. पुढे काँग्रेसशी जवळीक केल्याबद्दल त्यांच्यावर जी टीका झाली तिचं मूळही इथेच असावं.

वेत्रवती

एवढं कौतुक चाललंय तर एक बाजू राहून जातेय, ती मांडते. साचेखात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. सूतखात्यात होता, विणकामात नाही. कारण काय सांगायचे? धोट्यात (मागावर आडवं सूत नेणाऱ्या साधनात) नवी कांडी भरली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागायचा, म्हणून विटाळ. आणि विणकाम म्हणजे गिरणीतलं जास्त पगाराचं काम. म्हणजे विटाळाच्या नावाखाली चांगल्या पगाराची खाती सवर्णांसाठी राखीव होती.

लाल बावट्याने हा प्रश्न आपणहून हाती घेतला नव्हता. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ही मागणी लावून धरली, ती मान्य होणार नसेल तर आपले लोक संपात राहणार नाहीत असं बजावलं, तेव्हा नेत्यांनी नाखुशीने ती घेतली. फॉसेट समितीपुढेही बाबासाहेबांनी हा विषय मांडला. १९२९ च्या संपाला त्यांनी विरोध केला त्यामागे हा अनुभव आहे. सातमाळा, तुम्ही म्हणता डांगे यांना गिरणगावाने घडवलं. मान्य. पण त्या गिरणगावातच उतरंड होती, आणि ज्या विणकरांकडून ते शिकले तेच विणकर साचेखात्याचं दार धरून उभे होते.

सातमाळा

वेत्रवती, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे. त्यावर बचाव करायचा नाही. उलट माझं विधान त्याने पुरं होतं असं वाटतं. युनियनचं बळ विणकरांत होतं, विणकर सवर्ण होते, आणि संपाच्या ऐन भरात त्यांना दुखवायची नेत्यांची तयारी नव्हती. मालकाविरुद्ध हिशेब मांडायला जे धैर्य लागलं तेच धोट्याच्या प्रश्नावर आपल्या माणसांपुढे दाखवायला हवं होतं. संप टिकवायचा म्हणून ते टाळलं, आणि त्याची किंमत पुढे कितीतरी वर्षं मोजावी लागली. बाबासाहेब आणि कम्युनिस्ट यांच्यातल्या अंतराची चर्चा आपण नेहमी सिद्धांतांवरून करतो. मला वाटतं त्याचा मोठा भाग या साचेखात्याच्या दारात आहे.

रानजाई

बायकांचंही सांगते. तेव्हा गिरणी कामगारांत साधारण पाचवा हिस्सा बायका होत्या, बहुतेक कांड्या भरण्याच्या आणि सूत गुंडाळण्याच्या खात्यांत. त्यांच्यात काम उभं केलं ते उषाताई डांगे यांनी. बालविधवा, नंतर डांगे यांच्याशी विवाह. त्या काळात ब्राह्मण घरातल्या विधवेने पुनर्विवाह करून गिरणीच्या दारात सभा घ्यायच्या, ही साधी गोष्ट नव्हती. त्यांनी पुढे आत्मकथन लिहिलं आहे, ते जरूर वाचा. नवऱ्याच्या मोठेपणाला न दबता लिहिलेलं आहे.

मास्तर_१९

१९२९ च्या मीरत कट खटल्याबद्दल कुणीतरी लिहा. माझ्या माहितीप्रमाणे तिथूनच डांगे देशभर माहीत झाले.

काळी_शाई

थोडक्यात लिहितो. २० मार्च १९२९ ला मुंबई, कलकत्ता, पंजाब, संयुक्त प्रांत, सगळीकडे एकाच वेळी धाडी घालून ३१ जणांना धरलं. पुढे हचिन्सन आले, आरोपी झाले ३२. त्यांत स्प्रॅट, ब्रॅडली, हचिन्सन हे तीन इंग्रज. मीरत निवडलं कारण तिथे ज्युरी टाळता येत होती. मुंबईच्या ज्युरीवर सरकारचा भरवसा नव्हता. आळवे आणि कासलेही या खटल्यात होते, नातू यांच्या समाधानासाठी मुद्दाम सांगतो. त्याच सुमारास दिल्लीच्या असेंब्लीत कामगार तंटा विधेयक आणि सार्वजनिक सुरक्षा विधेयक चालू होतं. ८ एप्रिलला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बाँब टाकला तो याच वेळी.

खटला जवळजवळ चार वर्षं चालला. जानेवारी १९३३ मध्ये मुझफ्फर अहमद यांना जन्मठेप, डांगे, घाटे, जोगळेकर, निंबकर, स्प्रॅट यांना बारा बारा वर्षं. त्याच वर्षी अलाहाबाद हायकोर्टाने शिक्षा खूपच कमी केल्या, डांगे यांची तीन वर्षांवर आणली. डांगे यांनी कोर्टात केलेलं निवेदन शेकडो पानांचं आहे. आरोपीच्या पिंजऱ्याचं त्यांनी व्याख्यानाचं व्यासपीठ करून टाकलं.

गिरणगावचा_नातू

समाधान झालं, आभार. पण मीरतची दुसरी बाजू मुंबईत दिसली, ती सांगितल्याशिवाय हा काळ पुरा होत नाही.

१९२८ अखेर युनियनचे सभासद ५४ हजारांच्या आसपास होते. गिरणीगणिक कमिट्या झाल्या होत्या, मुकादमाने कुणाला काढलं तर कमिटी जाब विचारायची. मालकांना संपापेक्षा या कमिट्यांची धास्ती जास्त. फेब्रुवारी १९२९ मध्ये शहरात पठाण आणि मग हिंदू-मुसलमान असे दंगे उसळले, त्यात पुष्कळ माणसं मेली. मार्चमध्ये पुढारी पकडले गेले. त्याच सुमारास फॉसेट समितीचा अहवाल आला. एप्रिलअखेर युनियनने पुन्हा सार्वत्रिक संप पुकारला, कमिट्यांवरची माणसं कामावरून काढली म्हणून. देशपांडे आणि कांदळकर यांनी तो चालवायचा प्रयत्न केला. पण आदल्या वर्षीची उधारी फिटली नव्हती, वाण्याची वही बंद, दंग्यांनी वस्त्या फुटलेल्या, जोशींची युनियन बाजूला, आंबेडकरांचा विरोध. तो संप सप्टेंबरपर्यंत रेंगाळत मोडला आणि युनियनची पार रया गेली.

आजोबा तेव्हा पुन्हा गावी गेले ते दोन वर्षं परत आले नाहीत.

वेत्रवती

नातू, तुमच्या आजोबांच्या आठवणी कुठे लिहून ठेवल्या आहेत का? नसतील तर ठेवा, अगदी जशा आठवतात तशा.

आणि सातमाळा, १९२८ चा ‘क्रांती’ मूळ मराठीत कुठे बघायला मिळेल? संप चालू असताना चाळीत काय वाचलं जात होतं ते पाहायचं आहे. अस्पृश्य कामगारांबद्दल त्यात काय छापून आलं, तेही.

सातमाळा

मीरत खटल्यात सरकारने ‘क्रांती’तले बरेच लेख पुरावा म्हणून दाखल केले होते आणि त्यांचे इंग्रजी तर्जुमे छापील कागदपत्रांत आहेत. सरकारी अनुवादकाने निवडून घेतलेले लेख आहेत, म्हणजे ज्यांत क्रांती, रक्त, झेंडा असे शब्द आले ते जास्त आणि दरांचे हिशेब कमी, हे लक्षात ठेवून वाचावं लागतं. मूळ मराठी अंकांच्या शोधात मीही आहे. परळ, लालबाग, डिलाईल रोड या भागांतल्या जुन्या कामगार कुटुंबांत, किंवा कोकणातल्या कुणाच्या माळ्यावरच्या पेटीत, १९२७ ते १९२९ मधले अंक, संपाची हस्तपत्रकं किंवा युनियनच्या वर्गणीच्या पावत्या असतील तर इथे व्यनि करा. फोटो काढून पाठवले तरी चालतील. मजकूर टंकून मी या धाग्यावर टाकत जाईन.